अर्ध्या गच्चीचं थर्माकोल

जयप्रकाश शेठने सुचिताला लगेच ओळखलं, पण ओळखून त्याचा चेहरा जराही पडला नाही. तिला सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच.

"अरे, सुचिता! शिरवण्याची सुचिता ना तू?" कामोठ्याच्या त्या मोकळ्या प्लॉटवर तो हात पसरून पुढे आला. "म्हणजे टेस्टिंगला घरचंच माणूस आलं की! आता कसलं टेन्शन नाही. जुनं सगळं सोड हां, ते दिवसच वेगळे होते."

सुचिता हसली. कसं हसायचं ते तिने आरशासमोर उभं राहून ठरवलं होतं. तिच्या हातात ब्लोअर होता, खांद्याला पिशवी होती, आणि पोटात नऊ वर्षांपूर्वीची आग जशीच्या तशी होती.

एकोणीसशे एकोणनव्वद साली ती बावीस वर्षांची होती. पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा घेतलेली शिरवणे गावातली पहिली मुलगी. तिचे वडील पंढरी यांनी सगळ्या आळीची टोमणेबाजी अंगावर घेऊन तिला शिकवलं होतं. पहिली नोकरी लागली ती जयप्रकाशकडे. तो तेव्हा कोल्ड स्टोरेज बांधण्याची कंत्राटं घ्यायचा आणि बांधून झालेल्या खोल्या तपासायचं काम सुचिताकडे असायचं. तुर्भ्याच्या एका सफरचंदाच्या व्यापाऱ्यासाठी बांधलेली खोली तिने तपासली आणि नापास केली. मागच्या भिंतीचे सांधे गळत होते, दाराचं रबर बसत नव्हतं. रिपोर्ट दोन पानांचा होता. पहिल्या पानावर आकडे, दुसऱ्यावर तिची सही. जयप्रकाशने पहिलं पान नवीन टाइप करून घेतलं, दुसरं तसंच ठेवलं.

तिसऱ्या महिन्यात त्या खोलीच्या भिंतींना पाणी सुटलं आणि सफरचंदं सडली. व्यापारी चिडून आला, तेव्हा जयप्रकाशने त्याच्यापुढे सही धरली. "पोरीने टेस्ट न करताच सही ठोकली. मी काय करणार?" व्यापारी वीस-पंचवीस माणसं घेऊन शिरवण्यात पंढरीच्या दारात आला. सगळी आळी बाहेर येऊन बघत होती. ज्या पंढरीचा शब्द गावात कोणी खाली पडू देत नसे, तो पंढरी हात जोडून उभा राहिला आणि ऐकून घेत राहिला.

ती माणसं गेल्यावर त्याने लेकीला एकच विचारलं, "सही तूच केलीस?"

"सही माझी हाय, बाबा. कागद माझा नाय."

पंढरी तिच्याकडे बघत राहिला, मग उठून आत गेला. त्या गोष्टीवर तो पुन्हा कधी बोलला नाही. दोन वर्षांनी वारला. त्याने आपल्यावर विश्वास ठेवला होता की नव्हता, हे सुचिताला कधीच कळलं नाही, आणि आता कळणारही नव्हतं. नोकरी गेली, धंद्यातल्या सगळ्यांनी दारं लावून घेतली. तिने नेरूळला एक गाळा भाड्याने घेतला आणि फ्रीज, एसी दुरुस्त करत बसली. जयप्रकाशवर मात्र तिने जो डूख धरला, तो नऊ वर्षांत एक दिवसही सैल झाला नाही.

आणि आता अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्ये पुण्याच्या एका संस्थेने तिला बोलावणं पाठवलं. कमी विजेत थंड राहणारं घर आपल्या हवेत बांधता येतं का, हे बघायला संस्था कामोठ्यात एक नमुना बंगला उभारत होती. संस्थेच्या राजलक्ष्मी मॅडम एकेकाळी सुचिताला पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला होत्या. "परदेशातून टेस्टिंगचं मशीन मागवायला आपल्याकडे वेळ नाही," त्या फोनवर म्हणाल्या होत्या. "तू गाळ्यात बसून काही जमवशील का?" सुचिताने जमवलं. नंतर तिला कळलं की बांधकाम जयप्रकाशकडे आहे. माथाडी कामगारांच्या एका नियोजित सोसायटीला अशीच एकशेवीस घरं हवी होती. नमुना पास झाला की ते कामही त्यालाच मिळणार होतं.

नाही म्हणायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

पहिली तपासणी होती हवेची. बंगल्याच्या पुढच्या चौकटीत तिने प्लायवूडचा फळा घट्ट बसवला. फळ्याच्या मधोमध जुन्या एसीतून काढलेला ब्लोअर होता, त्याला रेग्युलेटर लावलेला. शेजारी वाकवलेली प्लास्टिकची पारदर्शक नळी, तिच्यात लाल शाई घातलेलं पाणी. नळीचं एक तोंड घरात, दुसरं बाहेर. ब्लोअर घरातली हवा बाहेर ओढायचा आणि नळीतलं पाणी आतल्या बाजूला चढायचं. पाणी पाच मिलीमीटर चढलं की तिथेच धरून ठेवायचं आणि त्यासाठी किती हवा ओढावी लागते ते मोजायचं. जितकी जास्त हवा, तितक्या घराला फटी जास्त.

पहिल्या खेपेला घर सपशेल गळत होतं. सुचिताने अगरबत्त्यांचा पुडा फोडला, एक पेटवली आणि भिंतीच्या कडेकडेने फिरू लागली. जिथे फट होती, तिथे धूर भिंतीपासून उडून खोलीत पळायचा.

"च्यायला, घर फुंकर मारतंय की!" मागून कोणीतरी म्हणालं.

तो भैरू होता. साताऱ्याकडचा, पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. भिंतींच्या पोटात आणि गच्चीवर ऊन अडवणारं थर्माकोल बसवायचं काम त्याच्याकडे होतं. त्याने खिशातून खडूचा तुकडा काढला आणि ती जिथे जिथे धूर दाखवेल, तिथे खूण करत गेला. विजेच्या पाइपांची तोंडं, खिडक्यांच्या चौकटीचे वरचे कोपरे, न्हाणीघराच्या जाळीच्या कडा.

"ह्ये माजंच हाय," चौकटीजवळ थांबून तो म्हणाला. "हितं फटीत लांबी भरायची ऱ्हायलीय. उद्या ह्याच वक्ताला या बाई, धूर हलला तर भैरू नाव सांगनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, धूर खरंच हलला नाही. दोन-तीन ठिकाणं सोडली तर अगरबत्तीची रेघ सरळ वर जात होती, आणि ब्लोअरला आदल्या दिवसाच्या निम्मीसुद्धा हवा ओढावी लागली नाही. सुचिताने आकडे लिहिले. घर पास होतं. ती इथे पास लिहायला आली नव्हती. एक आकडा इकडचा तिकडे केला तर कोणाला कळणार होतं? पण तसं केलं तर आपण आणि तो जयप्रकाश एकाच माळेचे मणी होऊ, एवढं तिला कळत होतं. तिने 'पास' लिहिलं आणि चिडून पेनाचं टोपण लावलं.

तेवढ्यात भैरूने तिला खुणेने गच्चीवर बोलावलं.

गच्चीच्या पश्चिमेकडच्या अर्ध्या भागात डांबरावर थर्माकोलच्या जाड पांढऱ्या लाद्या दोन थरांत, सांध्यावर सांधा न येऊ देता नीट चिकटवल्या होत्या. पूर्वेकडच्या अर्ध्यात थर्माकोल नव्हतंच. तिथे त्याच उंचीपर्यंत मुरूम पसरून धुमसाने ठोकून सपाट केला होता. खाली प्लॉटवर जयप्रकाशचा डंपर उभा होता आणि त्याचा सुपरवायझर चार बायांना उरलेला मुरूम वर चढवायला लावत होता.

"माल निम्माच आला," भैरू आवाज खाली करून म्हणाला. "मी इचारलं, तर शेठ म्हनले, मुरूम टाका, वरनं शिमिटाचा कोबा केला की समदं सारखंच दिसतंय. उद्याच्याला कोबा हाय. बाई, तुमी वर मॅडमना सांगा. आज सांगितलं तर चार दिसाचं काम हाय, मी करतो. न्हाईतर उद्या ह्ये माज्या डोक्यावर यायचं."

सुचिता मुरमाकडे बघत राहिली. नऊ वर्षं तिने वाट बघितली होती, आणि जयप्रकाश स्वतःच्या हाताने स्वतःचा खड्डा खणून, वर कोबा करून देत होता!

दुसरी तपासणी उष्णतेची होती. ती दहा मेला, रविवारी, उद्घाटनाच्या दिवशी भर दुपारी सगळ्या पाहुण्यांसमोर व्हायची होती. तोवर तिला गच्चीवर यायचं कामही नव्हतं. आज तिने मॅडमना फोन केला, तर जयप्रकाश 'अरे, चुकून झालं' म्हणेल, उरलेलं थर्माकोल आणेल, आणि दहा तारखेला हार घालून घेईल. गप्प बसली तर?

"बघते," ती म्हणाली.

"नक्की बगा बाई," भैरू म्हणाला.

त्या संध्याकाळी घरी आईने, शेवंताबाईने, ताट वाढलं तरी सुचिता भिंतीकडेच बघत होती.

"त्याचंच काम हाय ना ते?" शेवंताबाईने विचारलं. "त्या जयप्रकाशचं?"

"हां."

"मंग कशाला जातंस त्याच्या सावलीला? मना नाय आवडत."

"आये, या वेळेला आपल्या दारात कोनी नाय येनार," सुचिता म्हणाली. "या वेळेला त्याच्या दारात मी उबी रानार, आनि मानसं पन त्याचीच असतील."

शेवंताबाईने वाटीत आणखी थोडं कालवण घातलं. लेकीच्या चेहऱ्यावर असा उजेड तिने फार वर्षांनी बघितला होता आणि तो बघून तिला बरं वाटलं नाही.

बारा दिवस सुचिता गप्प राहिली. बुधवारी कोबा झाला. शनिवारी राजलक्ष्मी मॅडमचा फोन आला, "सगळं ठीक ना?" ती म्हणाली, "हवेची टेस्ट पास आहे मॅडम, आकडे पाठवलेत." यात खोटं काहीच नव्हतं. एकदा भैरू स्वतः नेरूळच्या गाळ्यावर आला. ती मागे कॉम्प्रेसर उघडून बसली होती. तिने त्याला बघितलं, आणि शेजारच्या दुकानदाराला 'बाहेर गेल्यात' म्हणून सांगायला लावलं. तो पायरीवर बराच वेळ बसला, मग उठून गेला. ती आत घामाने भिजत स्क्रू पिळत राहिली. मनाला तिने एकच सांगितलं, दहा तारीख होऊ दे, मग भैरूचंही बघू.

दहा तारखेला ऊन असं होतं की मांडवाचं कापडसुद्धा मलूल पडलं होतं. तीस-चाळीस माणसं आली. पुण्याहून संस्थेचे दोघे विश्वस्त, राजलक्ष्मी मॅडम, आणि माथाडी सोसायटीची सगळी कमिटी. कमिटीचे अध्यक्ष हौसेराव म्हणजे थोराड अंगाचा, पांढऱ्या टोपीतला माणूस. तीस वर्षं पाठीवर पोती वाहिलेली, त्यामुळे मान जराशी पुढे आलेली. जयप्रकाश पांढरा सफारी घालून सगळ्यांना सरबत वाटवत होता.

आधी सुचिताने हवेची तपासणी करून दाखवली. लाल पाणी चढलं, अगरबत्तीचा धूर सरळ राहिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. जयप्रकाशने मान झुकवून त्या आपल्याच समजून घेतल्या.

"आता उष्णतेची," सुचिता म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "सकाळपासून छताला आतून पाच थर्मामीटर चिकटवलेत. आकडे मॅडमच वाचतील. मी हात लावत नाही."

राजलक्ष्मी मॅडम शिडीवर चढल्या. दिवाणखान्याच्या पश्चिमेला बत्तीस, साडेबत्तीस. मग शिडी पूर्वेला सरकवली. मॅडमनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

"एक्केचाळीस," त्या म्हणाल्या. "बेचाळीस. हे पण बेचाळीस."

"थर्मामीटर खराब असतील," जयप्रकाश लगेच म्हणाला. "लोकल माल, काय सांगता येत नाही."

"थर्मामीटरचं राहू द्या," सुचिता म्हणाली. "हौसेरावकाका, तुम्ही चढा. फक्त तळहात लावा. आधी इकडे, मग तिकडे."

हौसेराव शिडीवर चढले. पश्चिमेला हात लावला, मान डोलावली. पूर्वेला लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"आरं, ह्यो तर तवा हाय!" त्यांचा आवाज सगळ्या घरात घुमला. "भाकरी शेकल हितं! जयप्रकाश शेठ, आमच्या बायकापोरांना काय तव्याखाली झोपवनार व्हय?"

सुचिता जयप्रकाशच्या चेहऱ्याकडे बघत होती. नऊ वर्षं तिने मनात रंगवलेला तो क्षण आला होता. त्याच्या गालावरचं हसू आधी थिजलं, मग ओघळलं, कपाळावर घाम उमटला, आणि त्याने कॉलरमध्ये बोट घालून मान सोडवली. तिला वाटलं, आता इथेच सगळं थांबावं, हा माणूस असाच उभा राहावा आणि आपण असंच बघत राहावं.

पण जयप्रकाश फार वेळ तसा उभा राहणारा नव्हता.

"भैरू!" तो ओरडला. "कुठे आहे तो? इकडे ये!"

मांडवाच्या टोकाला कामगारांत उभा असलेला भैरू पुढे आला. धुतलेला सदरा घालून आला होता.

"माल मी पूर्ण दिला होता," जयप्रकाश पाहुण्यांकडे वळून म्हणाला. "बसवायचं काम ह्याचं. निम्म्या लाद्या ह्यानेच बाहेर विकल्या असणार. आम्ही विश्वास टाकतो आणि ही माणसं अशी निघतात. मी काय करणार?"

'मी काय करणार?' शब्द तेच होते, आणि आवाजही तोच. गेले बारा दिवस तिने या दुपारची एक एक गोष्ट घोकली होती. कोण कुठे उभं असेल, आधी कोणाला शिडीवर चढवायचं, सगळं. यातली ही एकच गोष्ट तिने घोकली नव्हती. खरं तर भैरूने तिला ती गच्चीवर सांगितली होती आणि तिने ती ऐकून बाजूला टाकली होती.

भैरूने जयप्रकाशकडे बघितलंही नाही. तो सुचिताकडे बघत होता.

"हा खोटं बोलतोय," सुचिता म्हणाली. "भैरूने काही विकलेलं नाही. अठ्ठावीस एप्रिलला मी गच्चीवर होते. थर्माकोल निम्मंच आलं होतं. उरलेल्या भागात मुरूम भरला, तो ह्यांच्याच डंपरने आला. सुपरवायझर उभा राहून बायांकडून वर चढवून घेत होता. मी डोळ्यांनी बघितलंय."

"अठ्ठावीसला?" जयप्रकाश गर्रकन वळला. त्याला धागा सापडला होता. "आज दहा तारीख आहे, बाई. बारा दिवस काय करत होतीस? बघितलं होतं तर तेव्हाच का नाही बोललीस? मॅडम, विचारा तिला! ही जुना राग काढतेय. आताच्या आता रचलेली स्टोरी आहे ही."

राजलक्ष्मी मॅडम सुचिताकडे बघत होत्या. सगळेच बघत होते. कोबा झाल्यानंतर कळलं, असं म्हणायची वाट अजून मोकळी होती. पण मग डंपर बघितला ते खोटं ठरणार होतं, आणि भैरू अडकणार होता.

"बघितलं तेव्हा नाही सांगितलं," ती म्हणाली. "भैरूने मला त्याच दिवशी सांगायला सांगितलं होतं. मी मुद्दाम गप्प बसले. मला हे आजच व्हायला हवं होतं. सगळ्यांच्या देखत."

कोणीतरी खुर्ची सरकवून उठलं.

हौसेराव शिडीवरून सावकाश उतरले. "तुमचं दोगांचं भांडान तुमी नंतर भांडा," ते म्हणाले. "मला आदी येक सांगा, शेठ. ह्या गड्यानं थर्माकोल इकलं म्हनता. मंग वर मुरूम हाय का न्हाई, त्ये आपन पहार घालून बगू. आन मुरूम निगाला, तर त्यो ह्यानं काय डोक्यावर वाहून आनला? डंपर कुनाचा हाय? डायव्हर तर भायेर बसलाय, त्यालाच इचारतो."

पहार आणली गेली. सगळे गच्चीवर चढले आणि भैरूनेच पूर्वेच्या कोपऱ्यात फूटभर कोबा फोडला. खाली तांबडा मुरूम निघाला. ड्रायव्हरला वर बोलावलं. तो आधी शेठकडे बघत राहिला, मग हौसेरावांकडे, आणि म्हणाला, "दोन खेपा टाकल्या. शेठनीच सांगितलं होतं."

हौसेरावांनी टोपी काढून झटकली, पुन्हा डोक्यावर घातली आणि कमिटीला म्हणाले, "चला." ती माणसं एका रांगेत जिना उतरून गेली. जयप्रकाश त्यांच्या मागे मांडवाच्या बाहेरपर्यंत धावला. सफारीच्या पाठीला घामाचा मोठा डाग पडला होता. सुचिताने तो धावताना बघितला, आणि सगळं झाल्यावरही, भैरूची नजर अंगावर असतानाही, तिला आनंद झाला. तो आनंद तिने स्वतःपासून लपवला नाही.

राजलक्ष्मी मॅडमनी निघताना तिला गाडीजवळ बोलावलं.

"तुझे आकडे बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "जयप्रकाशला संस्था पुन्हा उभं करणार नाही. पण तपासणाऱ्याला दिसलं ते त्याने त्याच दिवशी सांगायचं असतं, सुचिता. त्याला सोयीचं असेल तेव्हा नाही. मी तुलाही पुन्हा बोलावू शकत नाही."

"हो मॅडम," सुचिता म्हणाली.

तीन आठवड्यांनी जयप्रकाश शिरवण्याला आला. गाडी आळीच्या तोंडाशी लावून पायी आला. कामोठ्याची बातमी पसरली होती आणि आणखी दोन ठिकाणी त्याची कामं अडली होती. सुचिता ओट्यावर बसली होती.

"एक चिठ्ठी लिहून दे फक्त," तो म्हणाला. "मुरूम सुपरवायझरने परस्पर टाकला, मालकाला माहीत नव्हतं, एवढंच. सोसायटीचे लोक तुझं ऐकतील. बोल, काय पाहिजे तुला?"

सुचिताने आत वळून आईला हाक मारली. शेवंताबाई दारात आली. शेजारच्या बायाही पदर सावरत ओट्यावर आल्या.

"एकोणनव्वद साली त्या कागदाचं काय केलंस ते हिला सांग," सुचिता म्हणाली. "इथे उभं राहून, मोठ्याने."

जयप्रकाशने क्षणभरही वेळ लावला नाही. "सांगतो ना. आई, तुमच्या मुलीने खोली नापास केली होती. पहिलं पान मी बदललं. चूक झाली, माफ करा." त्याने हातही जोडले. बसचं तिकीट मागावं इतक्या सहज तो हे बोलला. चेहऱ्यावर काहीही हललं नाही. शेवंताबाई त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग पदर तोंडाला लावून आत गेली.

सुचिताला वाटलं होतं की हे शब्द ऐकले की छातीवरचा दगड उतरेल. तसं काही झालं नाही. या माणसाला त्या शब्दांचं काहीच वजन नव्हतं, तर ते तिच्यापर्यंत पोचणार तरी कसे? ज्याने ते ऐकायला हवे होते तो तर केव्हाच गेला होता.

"चल, आता चिठ्ठी," जयप्रकाश म्हणाला.

"चिठ्ठी देते असं मी कधी म्हटलं?"

तेव्हा मात्र त्याचा चेहरा हलला. आधी त्याला ते कळलंच नाही, मग कळलं, आणि तो लाल झाला. "तू… माझी एवढ्या वर्षांची लाइन आहे या धंद्यात! बरबाद होईन मी!"

"मी काय करणार?" सुचिता म्हणाली आणि आत जाऊन दार लावलं. बाहेर तो किती वेळ बडबडत होता ते तिने ऐकलं नाही. आत आई चुलीपुढे बसून रडत होती. सुचिता तिच्याशेजारी जाऊन बसली.

संस्थेने उरलेलं काम थेट भैरूकडे दिलं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाच्या आत गच्ची झाकायची म्हणून तो एकटाच छिन्नी-हातोडा घेऊन कोबा फोडत होता. सुचिता वर गेली. त्याने मान वर केली नाही.

"भैरूमामा," ती म्हणाली, "चुकलं माझं."

तो फोडत राहिला. बऱ्याच वेळाने थांबला, उपरण्याने तोंड पुसलं.

"त्या दिशी माजी पोरगी आलती मांडवात," तो म्हणाला. "सासरची दोन मानसं बी व्हती तिच्यासंगं. शेठनं मला चोर म्हनला, त्ये त्येंनी ऐकलं. नंतर खरं काय त्येबी ऐकलं. पर आदी चोर ऐकलं."

त्याने छिन्नीवरची धूळ झटकली.

"तुमच्यावर राग न्हाई म्हनलो, तर खोटं हुईल," भैरू म्हणाला. "तुमी माज्यासाटी बोललासा, त्येबी खरं हाय. दोनी बी खरं हाय. आता बाजूला व्हा, कपच्या उडत्यात."

ती बाजूला झाली, पण खाली गेली नाही. कोपऱ्यात घमेलं पडलं होतं. तिने ओढणी कमरेला खोचली, फोडलेल्या कोब्याचे तुकडे आणि मुरूम घमेल्यात भरला आणि जिन्याने खाली नेऊन टाकला. दुसरी खेप भरायला ती वर आली, तेव्हा भैरूने फावडं तिच्या बाजूला सरकवलं आणि पुन्हा छिन्नीवर हातोडा घातला.